विहिरीतले कासव आणि माझी एक चूक



परभणीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. होऊन मी बाहेर पडलो, त्याला आता तीस वर्षे होऊन गेली. विस्तार अधिकारी म्हणून उभा जन्म आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात गेला. पैठणची मोसंबी, कन्नड-फुलंब्रीकडचे अद्रक, गंगापूर-वैजापूरची कपाशी, यांच्या रोगांवर बोलायला सांगा, मी तासभर बोलेन. पण खेड्यात एकदा का माणसाला 'साहेब' म्हटले, की त्याला सगळेच यावे लागते. म्हैस पान्हवत नाही, विचार साहेबाला. पोराचा दाखला अडला, विचार साहेबाला. आणि साहेबालाही 'मला हे येत नाही' असे म्हणायची लाज वाटते. त्या लाजेपायी माझ्या हातून एक जीव गेला. आज त्याबद्दलच लिहितो आहे.

आधी अलीकडची गोष्ट सांगतो. २०२३ साली पावसाने ओढ दिली आणि २०२४ च्या मे महिन्यात आपल्याकडे विहिरी तळाला गेल्या, हे आपण सर्वांनी भोगले आहे. गंगापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर मी गेलो होतो. विहिरीवर यारी लावून गाळ काढणे चालू होते. मी बांधावर पोचतो तोच खालून ओरडा झाला, ''थांबवा, थांबवा! कासव हाय!'' गाळाच्या पाटीतून वर आले ते थाळीएवढे कासव. फावड्याची धार लागून त्याची पाठ खरचटली होती, मागच्या पायाला बोटभर लांब चीर पडली होती आणि मानेपाशी कातडे सोलले होते.

घरातली आजी धावत आली. ''सायेब, नात जन्मली त्या साली मालकानं गोदावरीवरून आणून सोडलं हे हिरीत. बारा वर्सं झाली. घरातलंच माणूस हाय आमच्या.'' सहावीतली नात काही बोलली नाही. ओढणीच्या टोकाने ती त्याच्या पाठीवरचा चिखल पुसायला लागली.

पाच मिनिटांत उपचारांची रांग लागली. एकाने हळद आणि तेल आणले. दुसरा फिनाईलची बाटली घेऊन आला. बैलाच्या जखमेत आळ्या पडल्या की आपण तेच तर ओततो. घरातला मोठा मुलगा कोनाड्यातून एक छोटी बाटली आणि सुई घेऊन आला. ''सायेब, गोचिडाचं इंजेक्शन शिल्लक हाय. आळ्याबी मरत्यात त्याच्यानं. किती द्यायचं?''

ती बाटली मी ओळखली. आयव्हरमेक्टिन. माझ्या अंगावर काटा आला, कारण हाच प्रश्न अकरा वर्षांपूर्वी मला एकाने विचारला होता, आणि तेव्हा मी उत्तर दिले होते.

ते साल २०१३. २०१२-१३ चा दुष्काळ कुणी विसरणार नाही; नाथसागराचे पाणी मृतसाठ्याच्याही खाली गेले होते. पैठण तालुक्यातल्या एका गावी चारा छावणीच्या कामाने मी फिरत होतो. आटलेल्या डोहात सापडलेले एक कासव दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाने घरी आणून घंगाळात ठेवले होते. कुत्र्याने त्याच्या पायाला चावा घेतला होता आणि जखमेत आळ्या झाल्या होत्या. मुलगा म्हणाला, ''साहेब, तुम्ही शिकलेले आहात. औषध सांगा.''

मी सांगितले नाही, स्वतःच दिले. जनावरांना हे औषध पन्नास किलो वजनाला एक मिलीलिटर देतात, एवढे मला ऐकून ठाऊक होते. तेच गणित कासवाला लावले आणि म्हटले, एवढासा थेंब काय करणार आहे! दुसऱ्या दिवशी कासवाची मान बाहेर लोंबत होती. बोट लावले तरी ती आत ओढण्याची ताकद त्याच्यात नव्हती. पाय लुळे पडले होते. तिसऱ्या दिवशी ते गेले. मी मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, ''म्हातारे होते रे, जखम त्याला सोसली नाही.''

पुढे एका पशुवैद्यक मित्राशी बोलताना सहज विषय निघाला. तो गप्प झाला आणि मग म्हणाला, ''अरे, आयव्हरमेक्टिन कासवाला विष आहे. गाईम्हशींना चालते, पण कासवाच्या नसांवर ते घाला घालते. अंग लुळे पडते, श्वास बंद पडतो. ज्यांना कासवे बघायची सवय आहे असे डॉक्टर ते कासवाला कधीच टोचत नाहीत.'' म्हणजे जखमेने नव्हे, माझ्या औषधाने ते कासव मेले होते. पिकाला चुकीचे औषध मारू नका, मात्रा विचारून घ्या, असे गावोगाव सांगत फिरणाऱ्या माणसाने हे केले होते.

म्हणून त्या दिवशी गंगापूरच्या वस्तीवर मी ती बाटली आधी मुलाच्या हातून काढून घेतली. मग त्याच पशुवैद्यक मित्राला फोन लावला आणि तो सांगेल तसे आम्ही केले. आपल्या घरी असा प्रसंग आला तर उपयोगी पडावे म्हणून ते सारे क्रमाने लिहितो.

जखम किरकोळ की मोठी?

हे आधी ठरवावे. नुसते खरचटणे, कातडीवरची उथळ चीर, थोडे सोलणे, एवढ्यालाच घरी हात लावावा. कवच तडकले असेल, हाड किंवा आतला भाग दिसत असेल, स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे दाबूनही रक्त थांबत नसेल, पू किंवा दुर्गंधी असेल, आळ्या पडल्या असतील, पाय हलत नसेल, जखम डोळ्याजवळ असेल, तर घरी वेळ न घालवता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. कुत्रा चावला असेल तर जखम वरून कितीही लहान दिसो, दाताने ती खोल गेलेली असते. तिला किरकोळ समजू नये.

धरायचे कसे?

आपल्या विहिरी-तळ्यांत बहुधा सापडते ते मऊ पाठीचे कासव. इंग्रजीत त्याला फ्लॅपशेल म्हणतात. त्याच्या पाठीच्या हाडावर शिंगासारख्या कठीण चकत्या नसून जाड कातडे असते. म्हणून पाठीवरचे खरचटणेही त्याच्या दृष्टीने कातडीचीच जखम होते. पोटाखाली मागच्या बाजूला दोन पडदे असतात. भ्याले की मागचे पाय आत घेऊन ते पडदे लावून घेते. मान लांब असते आणि चावा कडकडून घेते. म्हणून दोन्ही हातांनी मागच्या बाजूने, कडेला धरावे. उलटे करून ठेवू नये. तोंडावर ओले फडके टाकले की शांत राहते. हाताळण्यापूर्वी आणि नंतर साबणाने हात धुवावेत, कारण कासवाच्या अंगावरून पोटाच्या विकाराचे जंतू माणसाकडे येतात. लहान मुलांच्या बाबतीत याची विशेष काळजी घ्यावी.

जखम धुणे

एक लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यावे आणि त्यात चहाचा दीड सपाट चमचा, म्हणजे सुमारे नऊ ग्रॅम मीठ घालावे. स्वच्छ पिचकारीने किंवा वाटीने धार धरून माती, शेवाळ, गाळ निघून जाईपर्यंत जखम धुवावी. चोळू नये. नंतर दवाखान्यात मिळणारे पोव्हिडोन आयोडीनचे पाणी घ्यावे. बाटलीतले औषध तसेच लावायचे नाही. एक भाग औषधाला दहा भाग स्वच्छ पाणी घालून फिक्या चहासारखा रंग झाला की ते वापरावे. ते लावून पाच मिनिटे थांबावे आणि स्वच्छ कापडाने हलक्या हाताने टिपून घ्यावे. सकाळ-संध्याकाळ असे करावे. मलम लावायचेच तर डॉक्टरांना विचारून. आपल्या घरात खाजेसाठी किंवा दुखण्यासाठी आणलेले मलम त्याला लावू नये.

काय टाळावे?

फिनाईल, रॉकेल, टर्पेंटाईन, डेटॉल, स्पिरिट यांतले काही लावू नये. कासवाची कातडी हे शोषून घेते. हळदीबद्दल आजी माझ्यावर थोडी रागावली. हळद आपल्या घरात पूज्य आहे, पण तेलात कालवलेली हळद जखमेत गाळासारखी बसते. आतली घाण आतच राहते आणि जखम चिघळतेय की भरतेय ते दिसत नाही. आणि आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन कधीही, कोणत्याही मात्रेत नको. हा लेख वाचून बाकी सारे विसरलात तरी चालेल, एवढे एक वाक्य लक्षात ठेवा.

ठेवायचे कोठे?

येथे सगळ्यांची चूक होते. पाण्यातला जीव म्हणून आपण त्याला लगेच हौदात सोडतो. जखम पाण्यात भिजत राहिली की सडते, बुरशी धरते. म्हणून प्लॅस्टिकच्या मोठ्या टबात किंवा घमेल्यात स्वच्छ सुती कापड अंथरून ठेवावे. मऊ पाठीचे कासव फार कोरडे पडले तरी त्याची कातडी सुकून तडकते, म्हणून कापड किंचित ओलसर असावे. औषध लावल्यावर तासभर तरी पाणी लागू देऊ नये. नंतर दिवसातून दोनदा, अर्धा-पाऊण तास, स्वच्छ उथळ पाण्यात ठेवावे म्हणजे ते पाणी पिते. पाणी त्याच्या हनुवटीच्या वर नको. अशक्त कासव पाण्यात बुडून मरते, हे ऐकून नवल वाटेल पण खरे आहे. बाहेर काढले की पुन्हा जखम धुऊन औषध लावावे.

माशी बसली की एका दिवसात आळ्या होतात, म्हणून टबावर मच्छरदाणीचा तुकडा बांधावा. टब उन्हात ठेवू नये आणि गार फरशीवरही ठेवू नये. उबदार सावलीची जागा हवी. कासवाचे रक्त बाहेरच्या हवेप्रमाणे गार-गरम होते. गारठ्यात त्याची जखम भरण्याचे काम जवळजवळ थांबते. बैलाची जखम आठवड्यात सुकते, कासवाला कित्येक आठवडे लागतात. घाई करून औषध वाढवू नये. दूध, भाकरी, पोळी घालू नये. एक-दोन दिवस खाल्ले नाही तरी त्याला काही होत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही हे सारे केले. नातीने कंदील जवळ धरला, आजीने पाणी उकळले, मोठ्या मुलाने धार धरली. मी फक्त सांगत होतो. रात्री कासवाने मान बाहेर काढून इकडेतिकडे पाहिले तेव्हा नात पहिल्यांदा हसली.

पण खरे अवघड काम पुढे होते. मी आजीला म्हणालो, ''आजी, आता वनखात्याला कळवायला पाहिजे.''

बंधूंनो, हे कासव आपल्या देशाच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात, म्हणजे १९७२ च्या कायद्यात, वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही ते तेथेच आहे. त्याला पकडणे, घरात किंवा विहिरीत पाळणे, विकणे हा गुन्हा आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले जमिनीवरचे कासवही असेच संरक्षित आहे. शहरातल्या मासळीघरांतून लाल कानपट्टीचे छोटे परदेशी कासव मुलांसाठी विकतात. ते अमेरिकेतले. ते घरात असेल तर वरचे उपचार त्यालाही लागू पडतात, पण कंटाळा आला म्हणून ते गोदावरीत किंवा तळ्यात कधी सोडू नका. ते इथल्या कासवांचे अन्न आणि जागा बळकावते.

आजीचा चेहरा उतरला. ''बारा वर्सं आमी सांभाळलं, आन् आता आमीच चोर?''

या प्रश्नाला कायद्याचे कलम हे उत्तर नव्हे. आपल्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. त्याला हात लावून आपण आत जातो. कासवी आपल्या पिलांना नुसत्या नजरेने पाळते, असा दृष्टान्त आपल्या संतांनी दिला. ज्या घरात हे ऐकून लोक वाढले, त्या घराने कासव आणले ते वाईट हेतूने नव्हे. विहिरीत कासव असले की पाणी शुद्ध राहते, घरात लक्ष्मी टिकते, हीच त्यांची समजूत.

मी आजीला विहिरीच्या काठावर घेऊन गेलो. म्हटले, ''आजी, ही भिंत बघा. वीस हात सरळ बांधकाम. ह्याला वर यायला जागा नाही, उन्हाला बसायला काठ नाही, चिखलात दडायला जागा नाही. मादी असेल तर अंडी घालायला माती लागते, ती इथे कुठली? नदीत हेच कासव मेलेले मासे, गोगलगायी खाऊन पाणी साफ ठेवते, ते खरे. पण विहिरीत त्याची घाण आपल्याच पिण्याच्या पाण्यात उतरते. पाणी शुद्ध करते ती ग्रामपंचायतीची टी.सी.एल. पावडर. कासव नव्हे.''

आजी बराच वेळ विहिरीत बघत राहिली. मग एवढेच म्हणाली, ''म्हंजी बारा वर्सं त्ये कोंडून व्हतं.''

मी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला आणि स्वतःचे नाव सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी वनरक्षक आले. त्यांनी कासव पाहिले, जखम पाहिली, हकीकत लिहून घेतली, आजीचा अंगठा घेतला आणि टब उचलून नेला. घरच्यांवर काही बालंट आले नाही. सगळीकडे असेच घडेल असे मी छातीठोकपणे सांगत नाही. पण जखमी जीव स्वतःहून कळवणारा आणि लपवून ठेवणारा, यांच्यात कोणीही फरक करेल. आणि हेही सांगून ठेवतो: कोणी तुमच्या दारी येऊन 'वीस नखांचे कासव आहे का? पैशाचा पाऊस पाडू' म्हणाला, तर त्याला बांधावरूनच परत धाडा. आपल्या या मऊ पाठीच्या कासवाला एका पायाला तीनच नखे असतात. चार पायांची मिळून बारा. मोजून बघा. बाकीची नखे त्या भोंदूच्या डोक्यात असतात, आणि लाखांची फसवणूक नि तुरुंग आपल्या वाट्याला येतो.

मृगाचा पाऊस पडून गेल्यावर वनरक्षकांचा फोन आला. जखम भरली होती, पायावर नवे कातडे धरले होते आणि कासव जलाशयाच्या पाण्यात सोडले होते. मी वस्तीवर जाऊन सांगितले. नातीने विचारले, ''साहेब, ते आपल्याला ओळखेल का आता?'' मी म्हटले, ''नाही ओळखायचे, बाळ. त्याला बरे वाटते आहे एवढे पुरे.'' तिला ते पटले की नाही कुणास ठाऊक. आजीने चहा केला. विहिरीला तेव्हा दोन परस पाणी आले होते.

आता शेवटचे. माझ्या पहिल्या चुकीची कबुली मी आजवर कोणाला दिली नव्हती. पैठण तालुक्यातला तो मुलगा आता बावीस-तेवीस वर्षांचा असेल. कदाचित शेती करत असेल, कदाचित त्याच्या घरीही हे साप्ताहिक येत असेल. त्याला मला सांगायचे आहे. बाबा रे, तुझे कासव म्हातारे नव्हते. जखमेनेही गेले नाही. तू त्याचे पाणी बदलत होतास, त्याला सावलीत ठेवत होतास, तुझे काही चुकले नव्हते. चुकलो मी. जे येत नव्हते ते येते असे दाखवले आणि वरून तुझ्याशी खोटे बोललो. तू मनात कधी स्वतःला दोष दिला असशील, तर तो आजपासून काढून टाक.

आणि बाकीच्या वाचकांना एवढेच. आपल्या कोनाड्यात, माळ्यावर, गोठ्याच्या खुंटीला बैलाची, म्हशीची, कोंबडीची उरलेली औषधे पडलेली असतात. एका जनावराचे औषध दुसऱ्याला देण्यापूर्वी डॉक्टरला एक फोन करा. तुमचा साहेब 'मला माहीत नाही, विचारून सांगतो' असे म्हणाला, तर त्याला हसू नका. त्याच साहेबावर जास्त विश्वास ठेवा.